कोणत्याच कोयत्यात नसलेली

या आठवड्यात कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप बंद झालं. आमच्याकडं हे कुणी सांगावं लागत नाही. चार-पाच महिने अंकुशनगरच्या बाजूनं वारा आला की मळीचा आंबूस वास घेऊन येतो, तो एकाएकी विरळ होतो. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या साडीवर काजळीचे ठिपके पडायचे थांबतात. ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा दणदणाट बंद होतो. मग परतीच्या बैलगाड्या दिसू लागतात. गाडीत कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, चटया, बांबू, भांड्यांची पोती, मागं बांधलेली शेळी, टोपलीत कोंबड्या आणि या सगळ्या पसाऱ्यावर गाढ झोपलेलं एखादं लेकरू. कुंभार पिंपळगावच्या बाजारात या दिवसांत बांगड्यांच्या दुकानापुढं बसायला जागा मिळत नाही. उसाच्या फडात फुटून फुटून एक-दोनच उरलेल्या बांगड्या उतरवून बाया हातभर चुडा भरून घेतात आणि घासाघीस करताना दुकानदाराला रडकुंडीला आणतात.

मला हा हंगाम फार आवडतो. कडुलिंब फुललेला असतो, शाळेच्या पत्र्यावर खारींची धावपळ चाललेली असते आणि परीक्षा तोंडावर आल्यावर फडावरून परतलेली पोरं वर्गात अशी तोऱ्यात शिरतात, की परीक्षा त्यांच्यासाठीच थांबवून ठेवली होती. मी त्यांना रागवत नाही. मीही त्यांतलीच. माझं पहिलं अंगण म्हणजे कोपीपुढचा पाचटाचा ढीग. पहिली पाटी मला फडावर मिळाली आणि दुसरी इयत्ता मी तीन गावांत मिळून पूर्ण केली. आज त्याच जिल्ह्यात मी मुख्याध्यापिका आहे. नातेवाइकांत कुणी म्हणतं, "आता कशाला सांगत बसता ते जुनं?" का नाही सांगायचं? डोंगर चढून आलेल्या माणसानं पायथ्याचं गाव सांगूच नये की काय?

पण काही वर्षांपासून या हंगामाला दुसराही एक रंग चढला आहे. सगळं जग कुलूप लावून बसलं होतं, तो उन्हाळा. आम्हा शिक्षकांना तेव्हा कसल्या कसल्या ड्यूट्या लागल्या. माझी लागली गोदावरीच्या पुलावर. अलीकडं आमचा जालना, पलीकडं बीड, आणि मध्ये बांबू आडवा टाकून मांडव घातलेला. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माठ, कपाळावर रोखायचं ते ताप बघायचं यंत्र. माझ्या जोडीला पिंपळगावचे रफिक सर होते. उर्दू शिकवायचे. रमजान सुरू होता, त्यांचे रोजे चाललेले. माठ त्यांच्या बाजूला होता आणि पाणी मी एकटीच प्यायचे, याची मला लाज वाटे. मी माठ उचलून मांडवामागं ठेवला तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. माठ बघून तहान लागत असती तं गोदामायच्या काठाला कुणी रोजाच धरला नसता."

आमच्या माणसांना नदी कधी सीमा वाटलीच नव्हती. माझी मावशी पलीकडं दिलेली, सोयरिकी पलीकडं, तिकडची माणसं इकडच्या बाजाराला. एका रात्रीतून तीच नदी आडवी आली. गावाकडं निघालेले ऊसतोडे पुलापाशी यायचे, परवाना नाही म्हणून मागं वळायचे आणि नदीच्या कडेकडेनं खाली निघून जायचे. तिथं गुळाच्या काहिली होत्या. गूळ आटवायची ती लोखंडी गोल कढई. आमच्याकडं नावेचं कामही तीच करते. बंधाऱ्यामुळं भर उन्हाळ्यातही पात्रात पाणी उभं होतं. पहाटे पहाटे दोन-चार माणसं काहिलीत बसायची आणि लाकडाच्या फळीनं पाणी मारत मारत पलीकडं जायची. पुलावरून आम्हाला दिसायचं. रफिक सर तोंड फिरवून म्हणायचे, "आपली ड्यूटी पुलावर हाय बाई. पाण्यावर न्हाई."

वाळूतल्या टरबुजाच्या वाडीवर एक जण वेलींना पाणी द्यायला गेला आणि त्याला ती सापडली. पाण्याच्या कडेला, उताणी. साठी ओलांडलेली असावी. मी गेले तेव्हा कुणीतरी तिच्यावर टॉवेल टाकला होता. हवालदार आले, पंचनामा सुरू झाला. कुणी जवळ यायचं नाही, असा हुकूम होता. तरी आमच्या वस्तीतल्या बाया आल्याच. त्यांच्या पुढं सखरबाई. आमच्या विहाराशेजारी राहते, बचत गटाची अध्यक्ष आहे आणि हुकूम कुणाचा पाळायचा आणि कुणाचा नाही, हे तिचं ती ठरवते. लांब उभ्या राहूनही बायांनी सगळं पाहिलं. दोन्ही मनगटांवर हिरवं गोंदण. मिसरी लावून काळं झालेलं बोट. आणि लुगड्याच्या कनवटीला गाठ मारून ठेवलेला लहान लेकराचा चांदीचा वाळा. एकच वाळा.

"अनोळखी," हवालदार म्हणाले. माणूस वाईट नव्हता. शेजारच्या गावांत विचारून झालं होतं, कुणाच्याच घरातली म्हातारी कमी नव्हती. डॉक्टरांनी सांगितलेलं, उन्हाळा आहे, ठेवायची सोय नाही, उद्या दुपारपर्यंत ओळख पटली तर ठीक, नाहीतर बेवारस म्हणून आटपून टाकायचं. हवालदार तेच आम्हाला समजावून सांगत होते, तर सखरबाई मध्येच म्हणाली, "अन् लुगडं?"

"कसलं लुगडं?"

"माहेरचं. माहेरच्या लुगड्याबिगर बाई जाळायची कशी?"

आमच्याकडं ही रीत अजून आहे. बाई कितीही म्हातारी होऊन जावो, तिच्या शेवटच्या अंगावरचं लुगडं माहेराहून येतं. भाऊ आणतो, भाऊ नसेल तर भाचा आणतो, काहीच नसेल तर माहेरच्या गावचा कुणी. ते येईपर्यंत माणसं उन्हात थांबतात. बाई आयुष्यभर सासरी राबली, पण निघताना ती कुणाची तरी लेक म्हणून निघते. हवालदारांना हे ठाऊक होतं, त्यांच्याही आईचं असंच झालं असणार. ते हताशपणे म्हणाले, "मावशे, माहेर कुठून आणू मी?"

"ते आमी बगतो. तुमी उद्या दुपारपस्तोर दम धरा."

मी आजही अभिमानानं सांगते, आमच्या वस्तीनं त्या दिवशी एका परक्या बाईचं माहेर शोधायला घेतलं. ज्या वस्तीला एकेकाळी गावाच्या पाणवठ्यावर पाऊल ठेवता येत नव्हतं, त्या वस्तीनं. कुणी कुणाला जात विचारली नाही. ती कोण होती हे आधी माहीतच नव्हतं, आणि नंतर कळलं तेव्हा त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

अलीकडं मी वर्तमानपत्रात वाचते. कुठल्या कुठल्या वाळवंटात, कुठल्या समुद्रात, एका देशातून दुसऱ्या देशात जाताना माणसं मरतात. त्यांच्याजवळ नाव नसतं. तिथं काही माणसं असतात जी त्यांच्या कपड्यांच्या शिवणी तपासतात, पट्ट्याच्या आतल्या बाजूला शाईनं लिहिलेला फोन नंबर वाचतात, दात बघतात, हाडं बघतात आणि कुठल्या आईला काय कळवायचं ते शोधून काढतात. ती माणसं मी कधी पाहणार नाही. पण अशी बातमी आली की मी ती सखरबाईला वाचून दाखवते. ती पदराला हात पुसत म्हणते, "मंग? करावंच लागतंय की. आपलं समजून करावं लागतंय."

तर, आम्ही फोन करायला बसलो. मांडवातून मी आणि रफिक सर, वस्तीवरून बाया. वाळा कनवटीला आहे, अंगावर फडातल्या पाचटाच्या चिरा आहेत, म्हणजे बाई ऊसतोड्यांतली, एवढं सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं. त्या दोन दिवसांत ज्या ज्या टोळ्या नदी उतरून गेल्या, त्यांच्या मुकादमांचे नंबर याच्या-त्याच्याकडून काढले. मुकादम म्हणजे टोळी जमवून कारखान्यावर नेणारा माणूस. मी प्रत्येकाला विचारायचे, "एक म्हातारी सापडलीय. तुमच्या टोळीतलं कुणी कमी आहे का?"

आणि प्रत्येकाचं एकच उत्तर. "न्हाई बाई. आपले समदे कोयते बराबर पोचले."

एक झाला, दुसरा झाला, चौथा झाला. खोटं कुणी बोलत नव्हतं. सूर्य कलायला लागला. रफिक सरांचे ओठ सुकले होते, तरी फोन त्यांच्या कानाला होताच. "बाई, आसमानातून तं पडली न्हाई ना ही?" ते म्हणाले. "कुणीच कमी न्हाई म्हणतंय. मंग ही जास्तीची कुठून आली?"

जास्तीची. तो शब्द मला लागला आणि मी फोन खाली ठेवला.

माझे आईबाप एक कोयता होते. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. एकटाच गडी असेल तर अर्धा कोयता. मुकादमाच्या टोळीत दहा कोयते म्हणजे वीस माणसं, असा हिशेब. आणि लेकरं? ती कोयत्यात येत नाहीत. आणि त्या लेकरांना सांभाळायला सोबत आणलेली म्हातारी? तीही येत नाही.

माझी आजी अशीच होती. आईबाप अंधारातच फडात जायचे आणि आजी कोपीपुढं बसायची. एकट्या माझ्यासाठी नाही, टोळीतल्या सगळ्या पोरांसाठी. रांगत्या पोरांच्या कमरेला धडपं बांधून त्याचं दुसरं टोक ती गाडीच्या जुवाला गाठवायची, म्हणजे पोर विहिरीकडं जाणार नाही. कुणाचं नाक, कुणाचं ढुंगण, कुणाची भूक. चुलीवर एका भगुल्यात सगळ्यांसाठी कण्या शिजायच्या. आजीला चिडवायला पोरं म्हणायची, "म्हातारे, तू कुणाची?" ती म्हणायची, "ज्याला हागाया लागली त्याची!" आणि सगळी कोपी हसायची. तिच्या जिवावर वीस माणसं बिनघोर ऊस तोडत होती. पण टोळी एका फडावरून दुसऱ्यावर निघाली आणि मुकादमानं मोजणी घेतली की त्याच्या मोजणीत ती नसायची. एकदा तर माझी आजी शेळीसाठी उसाचं वाढं आणायला गेली असताना टोळी निघून आली होती, आणि अर्ध्या वाटेत माझ्या रडण्यामुळं सगळ्यांना तिची आठवण झाली.

मी पुन्हा पहिल्या मुकादमाला फोन लावला. या वेळी कोण कमी आहे, असं विचारलंच नाही. विचारलं, "तुमच्या टोळीची लेकरं कोण सांभाळत होतं?"

पहिल्यानं सांगितलं, त्याची म्हातारी त्याच्या शेजारीच बसलीय, देऊ का फोन. दुसऱ्याच्या टोळीत लेकरंच नव्हती. तिसरा एकेका लेकराची नावं घ्यायला लागला. मग म्हणाला, "शिवाजीची माय व्हती. पण ती तं गाड्यांसंगं येनार व्हती ना."

त्याच्या गाड्या अजून आमच्याच बाजूला परवान्याची वाट बघत थांबलेल्या होत्या. गाडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "म्हातारी? ती तं लेकरायसंगं कायलीतून गेल्ती." इकडच्यांना वाटलं ती तिकडं, तिकडच्यांना वाटलं ती इकडं. दोन्हीकडं कोयते पुरे भरले होते.

शिवाजी पलीकडं त्याच्या गावच्या शाळेत अलग ठेवलेला होता, बायकोलेकरांसह. फोन त्याच्या बायकोनं घेतला. मी तिला काहीच सांगितलं नाही, फक्त विचारलं, "बाई, तुझ्या लेकराच्या पायातले वाळे कुठंयत?"

"एक हाय," ती म्हणाली. "दुसरा नदीकाठाला पडला वाटतं. आत्या म्हनल्या, तुमी व्हा पुढं, मी हुडकून आनते." आणि मग तिला समजलं. फोनवर मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी तिला रडू दिलं. रफिक सर उठून मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले. त्यांची इफ्तारची वेळ झाली होती, पण खजूर हातातच राहिला.

ती पाण्यात कशी उतरली, काहीलवाला निघून गेल्यावर चालतच जाऊ म्हणाली, की वाळा हुडकता हुडकता पाय घसरला, हे कुणालाच ठाऊक नाही. वाळा मात्र तिला सापडला होता.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. ती पुलापाशी घडली म्हणून आसपासच्या टोळ्यांत पसरली, आणि पसरता पसरता तिला चार शेपट्याही फुटल्या. एका मुकादमाच्या मते मी पोलिसांच्या हातातून कागद हिसकावला होता. हिसकावला नव्हता. पण त्यानंतर मी दरवर्षी पट्टा पडला की परतीच्या गाड्या अडवून मुकादमाला विचारायला लागले, "म्हाताऱ्या किती?" सुरुवातीला हसायचे. परवा घनसावंगीच्या रस्त्याला एकानं मला लांबूनच पाहिलं आणि मी तोंड उघडायच्या आधीच ओरडला, "बाई, बारा कोयते, तीन म्हाताऱ्या, एक म्हातारा, अन् लेकरं बी मोजून घेतली! नावं सांगू का समद्यायची?" मी म्हटलं, सांग. आणि गाडी थांबवून त्यानं खरोखर सगळी नावं सांगितली. रफिक सर आता निवृत्त झालेत. त्यांना फोन करून हे सांगितलं तर म्हणाले, "देखा? डांबरट मुकादम बी सुधरला. आपल्या इन्क्रिमेंटचं काय झालं मंग?"

पण मी नदीवरचं अर्धंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शिवाजीला इकडं येऊ देईनात आणि तिला तिकडं नेऊ देईनात. परवानगीच्या खटपटीत दुपार व्हायला आली. शेवटी हवालदारांनीच तोड काढली. टरबुजाच्या वाडीपासून थोडं वर वाळूचा उंचवटा आहे. तिथं सरण रचायचं, आणि लेकानं समोरच्या काठावर उभं राहून बघायचं. पलीकडच्या सरपंचानं ते मान्य केलं. सरणाला वस्तीनं बाभळीची लाकडं दिली, कुणी शेतातली कापसाची पळाटी आणली. रीत ज्याची त्याची. शिवाजीनं फोनवरून सांगितलं तसं सगळं केलं आणि जे आम्हाला येत नव्हतं, ते टरबूजवाल्यानं केलं.

सखरबाईनं एक नवंकोरं लुगडं काखेत आणलं होतं. तिच्या लेकीनं दिलेलं. "पल्याडून न्हाई आलं तं आमी माहेर," ती म्हणाली. हवालदारांनी कागदावर लिहायला नाव विचारलं. शिवाजीनं फोनवर नाव सांगितलं, सुभद्राबाई. अनोळखी हा शब्द हवालदारांनी खोडला. त्या एका रेघेचा मला किती आनंद झाला, ते सांगताना आजही माझा आवाज चढतो.

मग समोरच्या काठावर माणसं दिसली. शिवाजी, त्याच्या कडेवर लेकरू, आणि काठी टेकत आलेला एक फार म्हातारा माणूस. तिचा थोरला भाऊ. दुकानं बंद होती, म्हणून त्यानं बायकोच्या पेटीतलं घडी न मोडलेलं लुगडं आणलं होतं. काहिलीत माणूस बसवायला बंदी होती. लुगड्याला कुणी बंदी घातली नव्हती. त्यांनी लुगडं काहिलीत ठेवलं, काहिलीला दोर बांधला आणि पाण्यात ढकलली. हवालदार पाठमोरे झाले. "मी पुलाकडं बघून राह्यलो," ते म्हणाले, "तुमचं चालू द्या." काहील मध्यावर येऊन गोल गोल फिरायला लागली, तेव्हा रफिक सर पँट गुडघ्यावर दुमडून, मग छातीपर्यंत भिजत पाण्यात गेले आणि तिला ओढत काठाला घेऊन आले. ओल्या हातांनी लुगड्याला शिवले नाहीत. म्हणाले, "सखरबाई, तुम्ही घ्या. ते कोरडंच पोचलं पायजे."

तिचं अंग प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं होतं. उघडायचं नाही, अशी ताकीद होती. सखरबाईनं ती पाळली, पण तिच्या पद्धतीनं. तिनं लुगडं नुसतं पांघरलं नाही. प्लास्टिकवरूनच एकेक निरी घातली, पदर काढला, डोक्याशी नीट सारखा केला. ऊन डोक्यावर आलं होतं आणि तिला घाई नव्हती.

पलीकडं शिवाजी "आई, आई" म्हणून हंबरत होता. म्हातारा भाऊ काठी टेकत पार पाण्याच्या कडेला आला. मग काठी वाळूत रोवून, दोन्ही हात तोंडाशी धरून तो ओरडला, "ठके! ए ठके!"

ते नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या लेकालाही नव्हतं. सुभद्राबाई तिला सासरच्यांनी केलं होतं. तिच्या लहानपणचं नाव जगात आता या एकाच माणसाला येत होतं, आणि ते तो नदीवरून तिला हाक मारून देत होता.

"ठके, लुगडं आनलंय गं माय! नेसली का?"

हवालदारांनी टोपी काढली. सखरबाईनं कमरेवर हात ठेवले, मान वर केली आणि फडातल्या बायकांना मोळी उचलायला हाक मारावी तशा खड्या आवाजात पलीकडं उत्तर दिलं, "नेसली, दादा! नेसली तुमची ठकी! लई बराबर दिसून राह्यलंय तिला!"